शस्त्रक्रियेत टाक्यांऐवजी ग्लू: भरवसा कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये?

चौकस

माझ्या वडिलांच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. जाळी बसवावी लागणार हे अपेक्षितच होते, परंतु ती जाळी टाक्यांनी न शिवता ग्लूने चिकटवली जाईल आणि वरची त्वचाही ग्लूनेच बंद केली जाईल, असे सर्जननी सांगितले. दोन्हीकडे एकच ग्लू असतो का, असे मी विचारले, तेव्हा "तसे असेलच असे नाही, दोन्ही कामे वेगळी आहेत" एवढे उत्तर मिळाले आणि तेवढ्यात पुढचा रुग्ण आत आला.

इथे वैद्यकीय क्षेत्रातली बरीच मंडळी लिहितात, म्हणून विचारतो. हे ग्लू नेमके कशाचे बनलेले असतात? शरीराच्या आत ते किती काळ टिकतात? वडिलांना जुनाट खोकला आहे. खोकल्याच्या जोराने चिकटवलेली जाळी सरकणार नाही ना? टाके घालण्याचा कंटाळा म्हणून तर ही पद्धत निघालेली नाही, अशी एक शंकाही मनात आहे आणि ती लपवत नाही.

रिकामटेकडा

टाके काढायला बोलावतात तसे ग्लू काढायलाही बोलावतात का, तेवढे विचारून ठेवा.

रसायनी

चौकस, तुमच्या सर्जननी उत्तर थोडक्यात दिले असले तरी बरोबर दिले आहे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या चिकट पदार्थांमध्ये निदान चार कुळे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी रासायनिक नाते जवळजवळ नाही.

फिब्रिन ग्लू म्हणजे रक्त गोठण्याच्या साखळीतली शेवटची पायरी शरीराबाहेर तयार ठेवून हवी तिथे घडवून आणणे. एका सिरिंजमध्ये मानवी प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून, वेगळे केलेले फिब्रिनोजेन हे प्रथिन असते आणि बहुतेक उत्पादनांत त्याच्यासोबत तेरावा रक्तगोठण घटकही असतो. दुसऱ्या सिरिंजमध्ये थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर आणि कॅल्शियम क्लोराइड असते. दोन्ही द्राव टोकाशी एकत्र आले की थ्रॉम्बिन फिब्रिनोजेनच्या रेणूवरून दोन प्रकारचे छोटे पेप्टाइड तुकडे कापून टाकते, उरलेले रेणू आपोआप एकमेकांना जोडून फिब्रिनचे तंतू बनवतात, आणि कॅल्शियमच्या उपस्थितीत सक्रिय झालेला तेरावा घटक त्या तंतूंमध्ये पक्के आडवे बंध घालतो. फिब्रिनोजेनचे प्रमाण गुठळीची ताकद ठरवते, तर थ्रॉम्बिनचे प्रमाण वेग ठरवते. दर मिलिलिटरला ५०० एकके थ्रॉम्बिन असेल तर काही सेकंदांत जेली होते. ४ एकके असतील तर साधारण एक मिनिट हाताशी मिळते. भाजलेल्या जखमेवर त्वचेचा मोठा तुकडा बसवताना तो नीट पसरायला वेळ हवा असतो, म्हणून तिथे हा सावकाश गोठणारा प्रकार वापरतात. पुढे जखम भरताना शरीर ही गुठळी स्वतःच्याच यंत्रणेने विरघळवते आणि सुमारे दोन आठवड्यांत ती नाहीशी होते.

सायनोॲक्रिलेट हा पूर्णपणे कृत्रिम पदार्थ आहे. त्याचे सुटे रेणू पाण्याच्या किंवा ऊतींमधल्या ऋणभारित गटांच्या संपर्कात येताच साखळी धरतात, घट्ट होतात आणि त्या वेळी थोडी उष्णता बाहेर पडते. वडिलांच्या त्वचेवर लावतील तो बहुधा हाच. तिसऱ्या कुळात प्रथिनाला आल्डिहाइडने जखडणारे ग्लू येतात आणि चौथ्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पाणी शोषणारी जेली येते. त्यांच्याविषयी ते रोज हाताळणाऱ्यांनी लिहावे.

टाकावीर

मी निवृत्त सर्जन आहे आणि माझे नावच माझा पक्ष सांगते. ग्लूला माझा सरसकट विरोध नाही. ग्लूवर टाकल्या जाणाऱ्या अपेक्षांना आहे. फिब्रिन ग्लू ऊतींना एकमेकांवर हलकेच धरून ठेवतो आणि बारीक झिरपणारे रक्त थांबवतो, एवढाच त्याचा वकूब आहे. धमनीतून उसळणारे रक्त तो थांबवू शकत नाही, कारण गुठळी बनायच्या आधीच ती वाहून जाते. अशा वेळी चिमटा लावून रक्तवाहिनी बांधायची असते, आणि ज्याला ते नीट येते त्यालाच ग्लूचा खरा उपयोग होतो. ओल्या भिंतीवर रंग चढत नाही, त्याप्रमाणे पृष्ठभाग जितका कोरडा तितका ग्लूचा गुण अधिक, हे शिकाऊ डॉक्टरांना दर वेळी नव्याने सांगावे लागत असे.

आणखी एक खोड सर्वत्र दिसते. मनाला धीर यावा म्हणून ग्लूचा जाड थर ओतला जातो. जाड थर म्हणजे दोन ऊतींच्या मध्ये उभा केलेला अडथळा असतो. तो विरघळेपर्यंत त्या एकमेकींना भेटतच नाहीत. पातळ थर द्यावा, वरून तीन ते पाच मिनिटे हलका दाब द्यावा आणि मग हात लावू नये. अंतिम ताकद यायला सुमारे दोन तास लागतात, जरी तिचा मोठा भाग पहिल्या दहा मिनिटांतच येत असला तरी.

सिस्टर_ओटी

टाकावीर सर, तुमचा हात स्थिर राहावा म्हणून मागे टेबलावर काय चालू असते तेही लिहिते.

गोठवलेल्या स्वरूपात येणाऱ्या फिब्रिन ग्लूच्या सिरिंजा उणे २० अंशांखाली ठेवाव्या लागतात आणि त्या वितळवायला वेळ लागतो. "ग्लू द्या" असे सर्जन म्हणतात तेव्हा त्यांना तो त्याच क्षणी हवा असतो, त्यामुळे पोट उघडल्यावर अंदाज घेऊन आम्हाला आधीच विचारावे लागते. वितळवण्यासाठी ३३ ते ३७ अंशांचे पाणी किंवा त्यासाठीचे यंत्र वापरायचे असते. घाई झाली म्हणून मायक्रोवेव्हमध्ये टाकला तर प्रथिने शिजतात आणि हातात निरुपयोगी पांढरा गाळ येतो. पावडरीच्या स्वरूपात येणाऱ्या संचात फिब्रिनोजेन विरघळायला अंगभूत आळस असतो, आणि बाटली जोरात हलवली तर फेस होतो.

दोन्ही सिरिंजांचे दट्टे एकाच पट्टीने जोडलेले असतात, जेणेकरून दोन्ही द्राव सारख्या प्रमाणात यावेत. टोकाच्या नळीत ते एकत्र आले की तिथेच गोठण सुरू होते. सर्जन मध्येच थांबले, काही पाहू लागले, की ती नळी बुजते. मग दट्टा जोराने दाबायचा नसतो, तर टोक बदलायचे असते. जोराने दाबल्यास बुजलेला तुकडा उडून भलतीकडे पडतो आणि पाठोपाठ नको तेवढा ग्लू येतो. म्हणून मी जादा टोके हाताशी काढून ठेवते. तसेच आयोडीन किंवा अल्कोहोल असलेले जंतुनाशक त्या जागी उरलेले असेल तर ग्लूची प्रथिने बिघडतात, त्यामुळे आधी ती जागा सलाइनने धुऊन टिपून घ्यावी लागते.

नेत्रधारा

पोटाच्या सर्जन मंडळींनी धागा व्यापण्यापूर्वी डोळ्याची बाजू मांडते, कारण फिब्रिन ग्लूने रुग्णाचा त्रास सर्वांत स्पष्टपणे कुठे कमी केला असेल तर तो इथे.

टेरिजियममध्ये, म्हणजे ज्याला लोक डोळ्यात मांस वाढणे म्हणतात त्यात, वाढलेला भाग काढल्यावर उघड्या पडलेल्या जागेवर त्याच डोळ्याच्या वरच्या भागातून घेतलेला नेत्रश्लेष्म पडद्याचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाचा, पातळ तुकडा बसवतात. तो टाक्यांनी शिवला तर प्रत्येक पापणी मिटताना टाक्यांची टोके टोचतात आणि रुग्ण कित्येक दिवस डोळा धरून बसतो. ग्लूमध्ये तो तुकडा काही क्षणांत बसतो. ऐकायला सोपे वाटते, परंतु तो तुकडा ओल्या कागदापेक्षा पातळ असतो, कडेने गुंडाळतो, आणि त्याची वरची बाजू वर आहे की खाली हे क्षणभर कळेनासे होते. उलटा चिकटला तर तो रुजत नाही. म्हणून कापून घेण्यापूर्वीच त्याच्या वरच्या बाजूला शाईची खूण करण्याची पद्धत आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) टाक्यांच्या तुलनेत फिब्रिन ग्लूने टेरिजियम पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी दिसले आणि शस्त्रक्रियेचा वेळही वाचला. मात्र त्याच आढाव्यात तुकडा सुटणे किंवा आक्रसणे यांसारख्या गुंतागुंती ग्लूच्या गटात थोड्या अधिक असू शकतात असेही नोंदवले आहे, आणि हे दुसरे वाक्य बहुधा कोणी उद्धृत करत नाही.

कॉर्नियाला, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र पडले तर मात्र आम्ही सायनोॲक्रिलेट वापरतो. त्याचा सूक्ष्म थेंब कोरड्या केलेल्या कडांवर ठेवायचा आणि वरून मऊ लेन्स घालायची, कारण घट्ट झालेला ग्लू खडबडीत असतो आणि पापणीला घासतो. हा बहुतेक वेळा कायमचा उपाय नसून संसर्ग आटोक्यात येईपर्यंत डोळा वाचवून ठेवण्याची सोय असते.

पैलतीर

माझ्या दोन्ही डोळ्यांची टेरिजियमची शस्त्रक्रिया झाली; एका डोळ्यात टाके होते आणि नंतरच्या डोळ्यात ग्लू. नेत्रधारा यांनी टोचण्याविषयी लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. टाक्यांच्या डोळ्याला उजेड सहन होत नव्हता आणि डोळ्यात कायम काहीतरी गेल्यासारखे वाटत असे. ग्लूच्या डोळ्याला पाणी येत राहिले, पण तसे खुपणे नव्हते. "डोळा चोळू नका" ही एकच सूचना तिथे दहा वेळा देण्यात आली, आणि झोपेत हात जाऊ नये म्हणून रात्री डोळ्यावर कडक कवच बांधायला सांगितले.

भूलतज्ज्ञ

कोणी तरी धोक्यांविषयी लिहायला हवे, आणि सवयीने ते काम भूलतज्ज्ञाकडे येते.

फिब्रिन ग्लू रक्तवाहिनीत जाता कामा नये, कारण त्यातले थ्रॉम्बिन जिथे जाईल तिथे गुठळी करील. हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट फवाऱ्याची आहे. मोठ्या पृष्ठभागावर ग्लू फवारण्यासाठी दाबाखालचा वायू वापरतात. फवारणीचे टोक ऊतीच्या फार जवळ नेले किंवा दाब जास्त ठेवला तर तो वायू उघड्या शिरांमधून रक्तात शिरतो आणि हृदयापर्यंत पोहोचतो. अशा वायु-अवरोधाने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली आणि युरोपीय औषध संस्थेने २०१२ साली त्याबद्दल इशारे दिले. दाबाची आणि अंतराची मर्यादा प्रत्येक उत्पादनाच्या पत्रकात दिलेली असते. उदाहरणार्थ एका प्रचलित ग्लूसाठी ती जास्तीत जास्त २ बार आणि १० ते १५ सेंटिमीटर आहे. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा सल्लाही दिलेला आहे, कारण तो रक्तात लवकर विरघळतो. फवारणी सुरू होण्यापूर्वी सर्जननी मला सांगावे, एवढीच माझी मागणी असते. पडद्यावर रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख अचानक घसरला तर मला कारण शोधत बसावे लागू नये.

गुठळी लवकर विरघळू नये म्हणून काही ग्लूंमध्ये ॲप्रोटिनिन घालतात. पूर्वी ते गोवंशीय फुप्फुसांतून मिळवलेले असे, आणि ते एकदा दिलेल्या रुग्णाला पुन्हा दिले गेल्यास तीव्र ॲलर्जी येण्याची शक्यता असते. गोवंशीय थ्रॉम्बिनची गोष्ट याहून विचित्र आहे: त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये काही रुग्णांमध्ये त्यांच्या स्वतःच्या पाचव्या रक्तगोठण घटकावर उलटली, आणि रक्त थांबवण्यासाठी दिलेल्या औषधाने पुढे रक्तस्राव झाला. आज बहुतेक फिब्रिन ग्लूंत मानवी थ्रॉम्बिन असते ते त्यामुळेच.

रिकामटेकडा

चौकस, वडिलांना हा धागा वाचायला देऊ नका.

अडगळ

जरा इतिहासाची पाने उलटतो. "ही पद्धत नवी आहे का" हे चौकस यांच्या मनात असणारच.

फिब्रिनची पूड रक्त थांबवण्यासाठी १९०९ साली बेर्गेल यांनी वापरली होती. १९४० साली यंग आणि मेडावर यांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोके प्लाझ्मा गोठवून जोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. यांतले मेडावर म्हणजे पुढे १९६० साली प्रतिकारशक्तीवरील कामासाठी नोबेल मिळवणारे पीटर मेडावर. १९४४ साली फिब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र वापरून त्वचेचे तुकडे बसवण्यात आले, परंतु त्या काळातल्या फिब्रिनोजेनची तीव्रता कमी असल्याने पकड फार दुबळी होती. १९७२ च्या सुमारास माट्रास आणि सहकाऱ्यांनी अधिक तीव्र फिब्रिनोजेन वापरून हा विषय पुन्हा उभा केला.

युरोपमध्ये तयार संच मिळू लागल्यावरही अमेरिकेत परवानगी मिळायला १९९८ साल उजाडले. अनेक दात्यांच्या एकत्रित प्लाझ्मापासून बनवलेल्या फिब्रिनोजेनमधून कावीळ पसरली होती आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे त्याचा परवाना काढून घेण्यात आला होता. विषाणू निष्क्रिय करण्याच्या खात्रीच्या प्रक्रिया येईपर्यंत तिथले सर्जन रक्तपेढीतले क्रायोप्रेसिपिटेट (गोठवलेल्या प्लाझ्मातून वेगळा काढलेला, फिब्रिनोजेन असलेला साका) आणि थ्रॉम्बिन मिसळून आपला ग्लू आपणच तयार करत.

सायनोॲक्रिलेटची कथा प्रयोगशाळेतल्या वैतागाची आहे. १९४२ साली हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते आणि हा पदार्थ सगळ्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ साली त्यांच्या गटातल्या फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थर अपवर्तनमापकाच्या, म्हणजे प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, दोन लोलकांमध्ये ठेवला आणि ते महागडे लोलक पुन्हा सुटलेच नाहीत, तेव्हा त्याचे मोल लक्षात आले. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव तात्पुरता थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला.

चौकस

सर्वांचे आभार. मग दुकानात मिळणारा झटपट चिकटवणारा गोंदही सायनोॲक्रिलेटच असतो ना? तो आणि रुग्णालयातला यांत केवळ निर्जंतुक असण्याचा फरक आहे का?

रसायनी

नाही, फरक रेणूतच आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दुकानातला गोंद मुख्यतः इथिल सायनोॲक्रिलेट असतो, ज्याची बाजूची साखळी आखूड असते. साखळी जितकी आखूड तितके त्या पदार्थाचे शरीरात विघटन जलद होते, आणि विघटनातून फॉर्माल्डिहाइड व सायनोॲसिटेट बाहेर पडतात. जलद विघटन म्हणजे कमी वेळात जास्त विषारी अंश आणि अधिक दाह. घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही आखूड साखळीत अधिक जाणवते. वैद्यकीय वापरासाठी ब्युटिल आणि ऑक्टिल या लांब साखळ्या निवडल्या जातात. ब्युटिलचा थर मजबूत परंतु ठिसूळ असतो. ऑक्टिलचा लवचीक असतो आणि त्यात लवचीकता वाढवणारे द्रव्यही मिसळलेले असते. त्वचेसाठीच्या ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला अमेरिकेत १९९८ सालीच मान्यता मिळाली. तेव्हा घरातला गोंद जखमेवर लावण्याचा मोह कोणीही करू नये.

नळीवाला

मी दुर्बिणीतून पोटाचे उपचार करतो. सायनोॲक्रिलेटचा सर्वांत धाडसी वापर आमच्याकडे होतो, आणि तो रक्तवाहिनीच्या आत होतो, हे वाचून भूलतज्ज्ञ यांच्या भुवया उंचावतील.

यकृत निबर झालेल्या रुग्णांच्या जठरात शिरा फुगतात आणि फुटल्या की रक्ताची उलटी होते. त्या फुगलेल्या शिरेत सुई घालून ब्युटिल सायनोॲक्रिलेट सोडले तर रक्ताच्या संपर्कात येताच ते घट्ट होऊन शीर आतून बुजवते. ऐंशीच्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे आणि जठरातल्या अशा शिरांसाठी ती आजही प्रमुख उपायांपैकी एक आहे. गोठण्याचा वेग आवरण्यासाठी बरेच जण त्यात लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य मिसळतात, जे क्ष-किरणांत दिसते. ते कमी पडले तर सुई शिरेतच अडकू शकते, आणि जास्त झाले तर ग्लू गोठण्यापूर्वीच वाहत फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. दुर्बिणीच्या टोकाला सिलिकॉन तेल लावलेले असते, सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असतात, आणि इंजेक्शननंतर सुई बाहेर काढताना कोणीही चोषण सुरू करायचे नाही असा कडक नियम असतो, नाहीतर ग्लू दुर्बिणीतच ओढला जाऊन तिची वाट लागते.

कवटीकार

मेंदूच्या शस्त्रक्रियेत आमची झुंज पाण्याशी असते. मेंदूभोवतीचे ड्युरा हे आवरण शिवल्यावर टाक्यांच्या भोकांमधूनही मेंदूतला द्रव झिरपू शकतो. तिथे काही जण फिब्रिन ग्लू लावतात, तर काही जण पॉलिइथिलीन ग्लायकॉलची जेली फवारतात, जिला निळा रंग दिलेला असतो म्हणून थर कुठे पोहोचला ते दिसते. ड्युरासाठीच्या अशा जेलीला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली.

ही जेली पाणी शोषून फुगते, हे मात्र क्षणभरही विसरून चालत नाही. कवटीखाली मोकळी जागा असेल तर निभावते. मज्जारज्जूच्या अरुंद मार्गात तोच फुगवटा नसा दाबतो, आणि तसे झाल्याचे अहवाल प्रसिद्ध झालेले आहेत. तसेच ॲप्रोटिनिनऐवजी ट्रानेक्सॅमिक आम्ल असलेला एक जुना फिब्रिन ग्लू आमच्या क्षेत्रात निषिद्ध ठरला, कारण ते आम्ल मेंदूच्या द्रवात मिसळल्यास झटके येऊ शकतात. एकाच कुळातला ग्लू पोटात निर्धोक आणि डोक्यात घातक ठरतो तो असा.

धमनीधर

आल्डिहाइड कुळाविषयी मी लिहितो. महाधमनीची भिंत आतून फाटून तिचे पदर सुटतात तेव्हा त्या भिंतीत टाका धरत नाही. सुई जिथे टोचावी तिथे ती आणखी फाटते. सत्तरच्या दशकात जिलेटिन आणि रिसॉर्सिनॉल यांना फॉर्मालिनने घट्ट करणारा ग्लू सुटलेल्या पदरांमध्ये भरून भिंत पुन्हा एकसंध करण्याची पद्धत आली. पुढे त्याच्या जागी ४५ टक्के गोवंशीय अल्ब्युमिन आणि १० टक्के ग्लुटारल्डिहाइड यांचा ग्लू आला, ज्याला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. हा वीस-तीस सेकंदांत धरू लागतो आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. ताकदीच्या बाबतीत फिब्रिन त्याच्या जवळपासही येत नाही.

परंतु ग्लुटारल्डिहाइडला ग्लूतले प्रथिन आणि रुग्णाचे प्रथिन यांत भेद करता येत नाही. ते जवळच्या मज्जातंतूला इजा करू शकते आणि टाक्यांच्या भोकांतून आत झिरपू शकते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते रक्तवाहिनीभोवती पूर्ण वेढा घालून लावायचे नसते, कारण न ताणणाऱ्या कड्यामुळे तिथली वाढच खुंटते.

आकडेमोड

सर्वांनी लिहिलेले वाचून एक गोष्ट खटकते. ग्लू काम करतो हे दाखवणे सोपे असते, परंतु त्याने रुग्णाचे काही भले होते हे दाखवणे अवघड असते, आणि या दोन्ही गोष्टी सर्रास एक मानल्या जातात. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर कापलेल्या पृष्ठभागातून हवा गळते. तिथे ग्लू लावल्यास गळती कमी होते असे चाचण्यांमध्ये दिसले, पण त्यामुळे रुग्ण लवकर घरी गेला असे मात्र दर वेळी दिसले नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर साठणारे पाणी फिब्रिन ग्लूने कमी होईल ही आशा अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत टिकली नाही. भगंदराच्या मार्गात ग्लू भरण्याच्या पद्धतीचे सुरुवातीला फार कौतुक झाले. पुढे निरनिराळ्या केंद्रांचे निकाल इतके वेगवेगळे आले की तिच्याकडे आता मुख्यतः गुदद्वाराच्या स्नायूंना धक्का न लावणारा प्रयत्न म्हणून पाहिले जाते.

त्वचेच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. अपघातात झालेल्या साध्या, कमी ताणाच्या जखमांमध्ये ग्लू आणि टाके यांचे व्रण सारखेच दिसतात, ग्लूने वेदना आणि वेळ कमी लागतो, परंतु जखम उघडण्याचे प्रमाण किंचित वाढते. शस्त्रक्रियेच्या छेदांविषयीच्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही छेद उघडू न देण्यात टाकेच सरस ठरले.

टाकावीर

आकडेमोड, आज पहिल्यांदाच तुमच्या एकाही वाक्याशी माझा वाद नाही. याची नोंद घ्यावी.

सजग

एका वेगळ्या मुद्द्याकडे लक्ष वेधतो. माझ्या नातेवाइकांच्या शस्त्रक्रियेत फिब्रिन ग्लू वापरला गेला, आणि तो मानवी प्लाझ्मापासून बनतो हे आम्हाला नंतर कागदपत्रांतून कळले. संमतिपत्रात रक्त देण्याविषयी स्वतंत्र परिच्छेद होता, ग्लूविषयी चकार शब्द नव्हता. रक्तजन्य पदार्थ श्रद्धेमुळे न स्वीकारणारे लोक असतात. काही पट्ट्यांमध्ये फिब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिनचा थर घोड्यापासून मिळवलेल्या कोलॅजनवर दिलेला असतो, तर काही ग्लू गोवंशीय असतात. त्या वेळी कोणी विचारले असते तर आम्ही नाही म्हटले नसते, परंतु विचारायला हवे होते.

सिस्टर_ओटी

सजग, तुमची तक्रार रास्त आहे. प्लाझ्माजन्य ग्लू वापरल्यावर उत्पादनाचे नाव आणि तुकडी क्रमांक रुग्णाच्या कागदांत नोंदवायचा असतो, म्हणजे पुढे त्या तुकडीत काही दोष निघाला तर रुग्णापर्यंत पोहोचता येते. वसेचे (चरबीचे) आवरण नसलेले पार्व्होव्हायरस बी१९ सारखे विषाणू निष्क्रिय करणे तुलनेने कठीण असते, म्हणून गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्याबाबतीत पत्रकात वेगळी सूचना असते. ही नोंद शस्त्रक्रियेनंतर केली जाते. संमती आधी घ्यायची असते, आणि ते काम आमच्या टेबलापर्यंत येण्याआधीच व्हायला हवे.

चौकस

सर्जनशी पुन्हा बोलणे झाले. जाळीसाठी ब्युटिल सायनोॲक्रिलेट वापरणार आहेत, फिब्रिन नाही, आणि त्वचेवर ऑक्टिल. टाकावीर सर, आता माझा मूळ प्रश्न तुमच्याकडे: खोकल्याचे काय?

टाकावीर

आता नेमके उत्तर देता येईल. जांघेत जाळी टाक्यांनी शिवताना तिथून जाणाऱ्या तीन मज्जातंतूंपैकी एखादा टाक्यात सापडला तर महिनोन्महिने दुखत राहते. ग्लू वापरण्यामागचा खरा हेतू हे टाळण्याचा आहे, कंटाळा हा नाही. फिब्रिन ग्लू आणि टाके यांची तुलना करणाऱ्या टिमेली नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात वर्षभरानंतर दुखणे, बधिरपणा आणि अस्वस्थता यांचा एकत्रित त्रास ग्लूच्या गटात कमी होता. सायनोॲक्रिलेटच्या चाचण्यांमध्येही सुरुवातीच्या दिवसांतले दुखणे कमी आढळले आहे आणि हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण वाढलेले दिसलेले नाही. दीर्घकाळाच्या वेदनेवर त्याचा परिणाम होतो का, याविषयी मात्र चाचण्यांचे एकमत नाही.

जाळी कायमची ग्लूवर तोललेली नसते. तिच्या छिद्रांमधून ऊती वाढतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तीच खरी पकड होते. ग्लूने तोवर जागा धरून ठेवायची असते. म्हणून सर्व पृष्ठभागावर लेप न देता मोजक्या ठिकाणी थेंब ठेवतात, कारण घट्ट झालेल्या थराखाली ऊतींना वाढायला वाव राहत नाही. जाळी पुरेशी मोठी आणि हर्नियाच्या भोकाच्या पलीकडे सर्व बाजूंनी पसरलेली असली तर खोकल्याचा दाब तिला सरकवण्याऐवजी दाबून बसवतो. भोक फार मोठे आणि आतल्या बाजूचे असेल, तर मी स्वतः सर्जनना एखादा टाका घालण्याचा विचार आहे का, असे विचारीन. त्यांनी आत पाहून ठरवू असे सांगितले तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नका. जुनाट खोकल्यावर शस्त्रक्रियेआधीच उपचार करून घ्या; धूम्रपान असेल तर ते थांबवायला हवे.

सिस्टर_ओटी

आणि त्वचेविषयी माझ्याकडून. ऑक्टिलचा थर पाच ते दहा दिवसांत आपोआप सोलून निघतो. तोवर त्यावर मलम किंवा व्हॅसलीन लावू नका, कारण तेलकट पदार्थाने तो मऊ पडून लवकर सुटतो. अंगावर पाणी घेता येते, पण भिजवत बसायचे नाही आणि पुसताना घासायचे नाही, टिपायचे. सुटलेली कड दिसली की ती ओढायचा मोह होतो. ती कात्रीने कापा. वडिलांना पूर्वी कृत्रिम नखांच्या किंवा दातांच्या ॲक्रिलिक पदार्थांनी खाज वा पुरळ आलेले असेल तर ते आधीच सांगा, कारण ॲक्रिलेटची ॲलर्जी एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

चौकस

वडिलांना कवळीच्या ॲक्रिलिकने हिरड्यांना जळजळ झाली होती, हे आत्ता आठवले. सर्जनना आजच कळवतो.

सिस्टर_ओटी

अवश्य कळवा, आणि ते जाळीच्या ग्लूलाही लागू आहे असे स्पष्ट सांगा. त्यांनी टाके घालायचे ठरवले तर टाकावीर सर तुम्हाला शुभेच्छा देतीलच.